हद्दीच्या अल्याडचा पंप

मिरजेहून म्हैसाळमार्गे कागवाडकडे जाताना महाराष्ट्र कुठे संपतो हे कळायला हद्दीचा दगड शोधावा लागत नाही. निदान २०२१ च्या दिवाळीपासून २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत तरी लागत नव्हता. उसाचे, खडीचे, द्राक्षपेट्यांचे ट्रक आपल्या बाजूच्या पंपांवरून वेग कमी न करता पुढे जायचे आणि पल्याडच्या पहिल्या पंपावर रांगेत उभे राहायचे. तिथले फलकही मराठीत, कारण गिऱ्हाईक मराठी: महाराष्ट्रापेक्षा डिझेल इतके रुपये स्वस्त.

हे प्रकरण अल्याडच्या एका पंपाचं आहे. मी सांगलीत विक्रीकराच्या काळापासून कर सल्लागार म्हणून काम करतो. आमच्याकडे अशा माणसाला सरसकट ‘वकीलसाहेब’ म्हणतात, अंगावर काळा कोट नसला तरी. पंपाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचं गाव, कंपनी आणि विक्रीचे आकडे इथे दिलेले नाहीत. जिथे हिशेब मांडायचा तिथे मी दहा हजार लिटरचा गोल आकडा धरला आहे. कराचे दर आणि तारखा मात्र सरकारी आहेत, त्यात माझं काही नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात अण्णा ऑफिसात आले ते हातात एक पहाणी उतारा घेऊन. पहाणी म्हणजे कर्नाटकातला सातबारा. जमीन कागवाडजवळ, रस्त्याला लागून, मेव्हण्याच्या नावावर.

“वकीलसाहेब, इथला पंप चालवून कंटाळा आला. पलीकडं दुसरा टाकतो. बँकेला द्यायला कागद करून द्या.”

कागद करून देणं हे माझं काम. पण हा कागद करायला बसलो आणि दोन राज्यांच्या करांचा तीन वर्षांचा गुंता उलगडावा लागला.

भाव कोणाचा

पंपावरचा भाव पंपवाला ठरवतो असं अजूनही बऱ्याच लोकांना वाटतं. अण्णांच्या काउंटरवर यावरून आठवड्याला एक तरी वाद होतो. खरं म्हणजे १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला कंपनीचा भाव लागू होतो आणि हल्ली तो मशीनवर परस्पर बदलतो. अण्णा तेव्हा झोपेत असतात. कमिशनही कंपनी ठरवते. २०१७ नंतर ते थेट ३० ऑक्टोबर २०२४ ला वाढलं. मधली सात वर्षं पगार, वीजबिल, बँकेचं व्याज वाढत गेलं आणि डिझेलवरचं कमिशन लिटरला अडीच रुपयांच्या आसपासच अडकून पडलं.

मग राहिला कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू या पाच वस्तू बाहेर ठेवल्या गेल्या. त्यामुळे केंद्राचं अबकारी शुल्क वेगळं आणि प्रत्येक राज्याचा कर वेगळा. आपल्याकडे तो २००२ च्या मूल्यवर्धित कर (व्हॅट) कायद्याखाली बसतो, कर्नाटकात अजून १९५७ च्या विक्रीकर कायद्याखाली. आपल्या जिल्ह्यात डिझेलवर २१ टक्के, पेट्रोलवर २५ टक्के आणि त्यावर लिटरमागे ठरावीक रुपये (डिझेलवर ते जुलै २०२२ पर्यंतच होते). हे लिटरमागचे रुपये कसे आले ते गमतीचं आहे. २०१५ साली दुष्काळाचं कारण सांगून दोन रुपये वाढवले. पुढे पाऊस पडला, धरणं भरली, पण लिटरमागची आकारणी या ना त्या नावाने चालूच राहिली. १ जून २०२० ला, करोनाने तिजोरी रिकामी झाल्यावर, पेट्रोलवर ८.१२ चे १०.१२ रुपये झाले आणि डिझेलवर एका रुपयाचे तीन.

टक्केवारीचा कर केंद्राच्या शुल्कासकट येणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. पुढचं सगळं यावरच फिरतं. दिल्लीने शुल्क दहा रुपयांनी कमी केलं तर सांगलीत भाव बारा रुपये दहा पैशांनी उतरतो: दहा केंद्राचे आणि त्या दहावरचे २१ टक्के राज्याचे.

मे २०२२ मध्ये याचा एक नमुना बघायला मिळाला. केंद्राने पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपये कमी केले. लगेच राज्य सरकारनेही पेट्रोल २.०८ आणि डिझेल १.४४ रुपयांनी स्वस्त केल्याचं जाहीर केलं. आता आठ रुपयांचे २६ टक्के काढा, सहा रुपयांचे २४ टक्के काढा. (मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तेव्हा हे दर होते.) उत्तर अगदी २.०८ आणि १.४४ येतं. जे आपोआप होणारच होतं त्याची घोषणा झाली. अण्णांच्या पंपावर दुसऱ्या दिवशी लोक विचारत होते, राज्याने कमी केलेले दीड रुपये कुठे गेले?

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री

तफावत मुळात कधीपासून सुरू झाली ते आधी शोधलं. नोव्हेंबर २०२१ च्या आधी कर्नाटकात डिझेलवर २४ टक्के कर होता. आपल्याकडचे २१ टक्के अधिक तीन रुपये आणि तिकडचे २४ टक्के यांचा हिशेब जवळपास सारखाच पडतो. मिरजेचा ट्रकवाला म्हैसाळात भरो नाहीतर कागवाडात, त्याला फरक पडत नव्हता.

३ नोव्हेंबर २०२१ ला संध्याकाळी केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क पाच आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी उतरवलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्याच रात्री कर्नाटकाने आणखी सात-सात रुपये कमी केल्याचं जाहीर केलं. डिझेलवरचा तिथला कर २४ वरून १४.३४ टक्क्यांवर आला, पेट्रोलवरचा ३५ वरून २५.९ वर. महाराष्ट्राने काही केलं नाही. सकाळी दोन पंपांमध्ये, मधे फक्त हद्द, सातेक रुपयांची दरी पडली होती. तीनशे लिटरची टाकी भरणाऱ्या ट्रकला हे दोन हजार शंभर रुपये झाले. त्यासाठी माणूस चार मैल पुढे जाईलच. उलट अण्णांनी सगळं कमिशन सोडून दिलं असतं तरी अडीच रुपयेच सुटले असते. बाकीचे साडेचार कुठून आणायचे?

पण त्या रात्री अण्णांना पहिला फटका बसला तो गिऱ्हाईक जाण्याचा नव्हता. तो टाकीतल्या मालाचा होता. सणाला टंचाई नको म्हणून टाक्या भरलेल्या. माल हजारवाडीच्या डेपोतून येतो, पैसे आधी भरावे लागतात, आणि कंपनीच्या बिलात शुल्क आणि कर दोन्ही त्या दिवसाच्या दराने कापलेले असतात. दहा हजार लिटर डिझेल टाकीत असेल तर लिटरमागे १२.१० रुपये, म्हणजे १ लाख २१ हजार रुपये एका रात्रीत गेले. दहा हजार लिटर विकून मिळणारं कमिशन पंचवीस हजारांच्या आसपास. पाच टँकरची कमाई दिवा लावायच्या आधीच विझली.

अण्णांनी तेव्हा मला विचारलं होतं, “ह्यो कर आम्ही जास्त भरलाय की. परत मिळंल का?”

मिळत नाही. कर डेपोच्या दारातच भरून होतो आणि तो भरणारी कंपनी असते, पंपवाला नाही. त्याला तो भावाचा भाग म्हणून येतो. परताव्याचा अर्ज तो कोणत्या कायद्याखाली करणार? सरकारला जुन्या दराने कर मिळाला, ग्राहकाला नव्या दराने डिझेल मिळालं आणि मधला फरक ज्याच्या टाकीत माल होता त्याने भरला. हिशेबात तो व्यापारातला तोटा म्हणून दाखवता येतो, तेवढाच आयकरात थोडा आधार. तो आम्ही दाखवला.

२१ मे २०२२ ला हेच पुन्हा घडलं. शनिवार होता. रविवारी डेपो बंद म्हणून शनिवारी टाकी भरून ठेवणं हा पंपांचा नेहमीचा रिवाज, आणि घोषणा त्याच संध्याकाळी. डिझेलवर सहा रुपये आणि त्यावरचा कर धरून ७.२६, पेट्रोलवर पूर्ण दहा. मग ३१ मेला महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. मागणी कमिशनवाढीची होती, पण त्यामागचा राग या दोन रात्रींचा होता. त्या दिवशी गिऱ्हाइकाला काही जाणवलं नाही, टाक्यांत साठा होताच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी रडगाणं होईल. दर वाढतात तेव्हा टाकीतल्या जुन्या मालावर पंपवाल्याचा फायदा होतो. मार्च २०२२ च्या शेवटी रोज ऐंशी-ऐंशी पैशांनी भाव चढत होता तेव्हा अण्णांनी मला फोन केला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, “त्यो हिशोब तुम्ही विचारला न्हाई.” फक्त एक फरक आहे. वाढ सहसा पैशापैशाने आली, कपात आली ती एका रात्रीत, रुपयांनी. कंपनीच्या कोष्टकात वर्षाअखेर दोन्ही कदाचित जुळतील, पण ज्या दिवशी पुढच्या टँकरचे पैसे भरायचे असतात त्या दिवशी अण्णांच्या खात्यात ते जुळत नाहीत.

१४ जुलै २०२२ ला नव्या शिंदे सरकारने पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवलं. डिझेलवरची लिटरमागची तीन रुपयांची आकारणी गेली, पेट्रोलवरची ५.१२ वर आली. हद्दीवरची दरी साताची साडेचार-पाच झाली. रांग थोडी लहान झाली, संपली नाही.

बॅरल

या काळात गावात नवा धंदा उभा राहिला. एक जण ट्रॉलीत दोनशे लिटरची बॅरलं घालून पल्याडहून डिझेल आणायचा. आधी स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी, मग भावकीसाठी, मग ज्याला हवं त्याच्यासाठी, लिटरला दोन रुपये वर घेऊन. अण्णा संतापले होते. माझ्याकडून तक्रारअर्ज लिहून हवा होता: चोरटी वाहतूक, कर बुडवला, साठेबाजी, जे सुचेल ते.

इथे मी त्यांना थांबवलं, कारण यातल्या निम्म्या गोष्टी गुन्हाच नव्हत्या. शेतकऱ्याने स्वतःच्या वापरासाठी कर्नाटकातल्या पंपावर डिझेल घेतलं तर ती कर्नाटकातली विक्री, तिथला कर तिथे भरला गेला. ते घेऊन तो घरी आला तर महाराष्ट्राचा त्यावर काही हक्क उरत नाही. साठवणुकीचं म्हणाल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. चार बॅरलं या मर्यादेत आरामात बसतात. पेट्रोलचं तसं नाही. ते ‘अ’ वर्गात येतं आणि घरगुती वापराला तीस लिटरच्या वर गेलं की परवाना.

गुन्हा सुरू होतो तो दुसऱ्याला विकल्यापासून. पेट्रोल आणि डिझेलची विक्री अधिकृत वितरकानेच करायची, असं जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या २००५ च्या आदेशात आहे. आणि परराज्यातून आणून इथे विकलं की राज्यातली पहिली विक्री त्याची ठरते, म्हणजे २१ टक्के व्हॅटही त्याच्या डोक्यावर. हे सिद्ध करायला मात्र विकताना पकडावं लागतं. बॅरल दिसली म्हणून चालत नाही.

अर्ज मी लिहिला, पण ‘विक्री’ या एका मुद्द्यावर. तो तहसीलच्या पुरवठा शाखेत दिला. पोच मिळाली. एकदा माणूस येऊन बघून गेला, त्या दिवशी बॅरलं रिकामी होती. अण्णांना वाटलं मी मुळमुळीत अर्ज लिहिला. ‘कर बुडवला’ असं लिहिलं असतं तर समोरच्याने पल्याडची पावती दाखवून आमचाच अर्ज खोटा ठरवला असता. हे त्यांना आजही पूर्ण पटलेलं नाही.

त्याच सुमारास जत भागातल्या एका खडी क्रशरवाल्याने मला विचारलं, सी फॉर्मवर, म्हणजे परराज्यातून सवलतीच्या केंद्रीय विक्रीकराने माल घ्यायच्या फॉर्मवर, कर्नाटकातून दोन टक्क्यांनी डिझेल मागवता येईल का. कोणी तरी त्याला जुना सल्ला दिला होता. एकेकाळी उत्पादन आणि खाणकामासाठी तसं मागवता यायचं, त्यावर न्यायालयांत भांडणंही झाली. २०२१ च्या वित्त कायद्याने तो दरवाजा लावला. आता जो पेट्रोल-डिझेलचाच व्यवहार करतो, म्हणजे तीच वस्तू पुन्हा विकतो किंवा तिचंच उत्पादन करतो, त्यालाच सी फॉर्म. खडी फोडणाऱ्याला नाही. तो बिचारा नियमित खातेदार म्हणून अण्णांचा होता आणि या उत्तरानंतर त्याचे डंपर रोज पल्याड जाऊन भरू लागले. हा सल्ला मी अण्णांना सांगितला नव्हता. आता हे वाचून कळेल.

मेव्हण्याची जमीन

तर २०२४ चा उन्हाळा आणि पहाणी उतारा. अण्णांचा बेत सरळ होता. सरकारी कंपन्यांच्या नियमात एका कुटुंबाला दुसरी एजन्सी मिळत नाही, म्हणून अर्ज मेव्हण्याच्या नावाने, तोही एका खासगी कंपनीकडे. जमीन त्याची, पैसा दोघांचा, चालवणार अण्णांचा मुलगा. अल्याडचा पंप चालू ठेवायचा, पण तो तोट्यात गेला तर चालेल, पल्याडचा भरून काढेल.

बँकेसाठी मी मांडायला घेतलं. जमीन बिगरशेती करणं, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची ना हरकत, पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना, रस्त्याला जोड द्यायची परवानगी, वजनमापांचं स्टँपिंग. २०२० च्या प्रदूषण मंडळाच्या निकषांनुसार शाळा, दवाखाना, वस्तीपासून पन्नास मीटर. शिवाय जीएसटीची एक कटकट, जी नव्या पंपवाल्याला कोणी आधी सांगत नाही. यंत्रं, छत, सीसीटीव्ही, कंपनीचं परवाना शुल्क, सगळ्यावर जीएसटी भरायचा. पण मुख्य विक्री पेट्रोल-डिझेलची आणि ती जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे त्या कराची वजावट जवळपास मिळत नाही. ऑइलच्या डब्यांची विक्री जितकी असेल तितक्या प्रमाणात काय ती मिळते. म्हणजे बांधणीचा खर्च कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त धरायचा.

हे सगळं भागलं असतं. अडलो मी विक्रीच्या रकान्याशी. अण्णांनी पंधरा वर्षांचा अंदाज हातानेच लिहून आणला होता आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइकं महाराष्ट्रातली धरली होती.

मी विचारलं, “ही निम्मी तिकडे का येणार?”

“पाच रुपये कमी हाय म्हणून.”

“हे पाच रुपये पंधरा वर्षं राहतील असं कुणी लिहून दिलंय?”

ते गप्प बसले. मी त्यांना २०२१ ची ती रात्र दाखवली. दरी एका अधिसूचनेने तयार झाली, तिला विधेयक लागलं नाही की चर्चा. तशीच एका अधिसूचनेने बुजेल. बँकेचा हप्ता मात्र अधिसूचनेने थांबत नाही. मी दोन रकाने केले, एक दरी धरून, एक दरी न धरता. दुसऱ्या रकान्यात हप्ता निघत नव्हता, कारण दरी नसेल तर त्या जागेला गिऱ्हाईक कोण? चार पंप आधीच होते, तेही दरीसाठीच उभे राहिलेले.

अण्णा रागावून गेले. “तुम्ही मला भ्या घालताय,” म्हणाले. मेव्हण्याशी बोलणी झाली होती, माती परीक्षण झालं होतं, आता माघार म्हणजे घरात तोंड दाखवायला जागा नाही. घरात म्हणजे बायकोपुढे, कारण मेव्हणा तिचा भाऊ.

माझा अंदाज बरोबर आला, पण चुकीच्या कारणाने आला. मला वाटत होतं की २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी महाराष्ट्र डिझेलवरचा कर उतरवेल. दरी आपल्या बाजूने बुजेल, असा माझा हिशेब होता. झालं उलटंच.

१५ जून

लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. १५ जून २०२४ ला कर्नाटक सरकारने पेट्रोलवरचा कर २५.९२ वरून २९.८४ टक्के आणि डिझेलवरचा १४.३ वरून १८.४ टक्के केला. तिकडे दोन्ही इंधनं लिटरला तीनेक रुपयांनी महागली. बेंगळुरूत डिझेल ८५.९३ चं ८८.९४ झालं. हद्दीवर उरली दीड-दोन रुपयांची पायरी. मेव्हण्याच्या जमिनीवर अजून विटेवर वीट चढलेली नव्हती.

अण्णांचा त्या सकाळी फोन आला नाही, दुपारी आला. ते एवढंच म्हणाले, “चहाला या.”

तेरा दिवसांनी, २८ जूनला, अर्थमंत्री अजित पवारांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला. टीव्हीवर पट्टी: डिझेल २.०७ रुपयांनी, पेट्रोल ६५ पैशांनी स्वस्त. १ जुलैला अण्णांच्या पंपावर सकाळपासून भांडणं. ती कपात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची होती. तिथला २४ टक्के दर आपल्या २१ टक्क्यांवर आणला एवढंच. सांगलीत एक पैसाही हलला नाही. पंपावरच्या पोरांनी शेवटी वर्तमानपत्राचं कात्रण काउंटरला चिकटवलं, ‘मुंबई’ या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारून.

दरी कमी झाली म्हणजे गिऱ्हाईक परत आलं, असं मी धरून चाललो होतो. अण्णांनीही. पण या भागात डिझेलचा भाव हा निम्माच व्यवहार असतो. उरलेला निम्मा उधारीचा. ऊस वाहतूकदार हंगामात टोळीला उचल देऊन बसलेला असतो, कारखान्याचं बिल येईपर्यंत त्याच्या हातात पैसा नसतो. तो डिझेल तिथे भरतो जिथे खातं चालू आहे. अडीच वर्षांत ही खाती पल्याड उघडली गेली होती, चांगली रुजली होती. सात रुपयांसाठी गेलेला माणूस दरी दोनावर आली म्हणून परत येत नाही, कारण आता तिकडे त्याचं नाव वहीत आहे.

मग आधी परत आलं कोण? मोटारसायकलवाले, गावातले पिकअपवाले, रोखीने शंभर-दोनशेचं भरणारे. आणि त्यांच्या पाठोपाठ असे काही ट्रकवाले ज्यांची पल्याडची उधारी थकली होती आणि तिथल्या मालकाने वही मिटली होती. ते अण्णांकडे जुनी ओळख काढत आले, नवी उधारी मागायला. अण्णांनी तिघांना दिली. मी नको म्हणालो होतो. त्यातल्या दोघांनी हंगाम संपल्यावर चुकती केली, तिसऱ्याचं अजून ‘बघू’ चालू आहे. म्हणून इथेही माझा सल्ला पूर्ण बरोबर ठरला असं मला म्हणवत नाही.

ऑक्टोबरच्या ३० तारखेला कमिशन वाढलं, डिझेलवर ४४ पैसे आणि पेट्रोलवर ६५. सात वर्षांनी. अण्णांनी कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले आणि वाढ त्यातच संपली.

१ एप्रिल २०२५ ला कर्नाटकाने डिझेलवरचा कर २१.१७ टक्क्यांवर नेला, आणखी दोन रुपये. बेंगळुरूत डिझेल ९१ च्या वर गेलं. टक्केवारीत आता दोन्ही राज्यं शेजारी-शेजारी उभी आहेत, २१ आणि २१.१७. लगेच ८ एप्रिलला केंद्राने दोन्ही इंधनांवर दोन रुपये शुल्क वाढवलं, पण ते कंपन्यांनी सोसलं, पंपावरचा भाव हलला नाही आणि अण्णांच्या टाकीला तेवढ्यापुरतं काही झालं नाही. बॅरलवाला मात्र त्या आठवड्यात दिसेनासा झाला. तहसीलमधला आमचा अर्ज अजून प्रलंबित आहे.

मे महिन्यात अण्णांच्या पंपावर पहिल्यांदा कर्नाटक पासिंगचे दोन ट्रॅक्टर थांबले. अण्णांनी स्वतः जाऊन नळी धरली, असं त्यांचा मुलगा सांगतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी पेंटर बोलावला. रस्त्याच्या कडेला मोठा फलक लावायचा, कन्नडमध्ये, हद्दीकडून येणाऱ्याला दिसेल असा. मजकूर मेव्हण्याने फोनवरून सांगितला. ‘कर्नाटकापेक्षा डिझेल’ इथपर्यंत पेंटरने रंगवलं आणि विचारलं, पुढे किती पैसे लिहू?

अण्णांनी मला फोन लावला. मी म्हटलं, आजचा आकडा काय आहे? ते म्हणाले, सकाळी बघितला तेव्हा पैशातच होता. मग फोन बाजूला धरून त्यांनी पेंटरला सांगितलेलं मला ऐकू आलं: “तेवढी जागा पाटीसारखी काळी कर. खडूनं लिहू.”